मेणाचा पाय

त्या रस्त्याला फिरंगी 'सरळ वाट' म्हणतात.
सरळ कसली! बंदराकडून वर येताना
सोनाराच्या दुकानापाशी ती कूस बदलते.
त्या कुशीत माझी चूल,
एक कढई, अकरा साचे,
आणि मी, पिदाद, मेणवाल्या बोस्त्यांवची बायको.
बोस्त्यांव गेल्या पावसातल्या तापात गेला.
साचे राहिले.

हात, पाय, डोळ्यांची जोडी,
तान्हं मूल, घर, गलबत.
ज्याचं जे दुखतं ते त्यानं तोलून न्यावं,
फेस्ताला संतापुढे ठेवावं.

वर्ष मला कढईतूनच कळतं.
इंत्रूदला कुणी काही मागत नाही.
तीन दिवस खिडक्यांतून पीठ, अंडी, खरकटं पाणी;
कप्तानाच्या टोपीवरही फुटतं अंडं
आणि त्याला हसावं लागतं.
चौथ्या दिवशी कपाळाकपाळावर राख.
मग घंटा मुक्या होतात त्या शुक्रवारी
लाकडाची खटखट गल्लीगल्लीतून फिरते,
तेव्हा काळजं खपतात. लहान, मुठीएवढी.

पावसाआधी मोठी मिरवणूक उरकतात.
शिंपी, सुतार, चांभार, ज्याचा त्याचा झेंडा.
आम्ही मेणवाले कासारांच्या मागे की पुढे
यावरून दरवर्षी भांडण,
आणि पाद्री म्हणतो, देव बघतोय.
बघू दे. कासारच मागे होते.

सांजांवला तरणी पोरं पानांचे मुकुट घालून
विहिरींत उड्या मारतात.
त्याच विहिरींचं पाणी महिन्याभरानं
ताप होऊन घराघरात शिरतं.
श्रावणात डोकी खपतात. नुसती डोकी.
रात्री ओतावी लागतात.

मग ताळगावहून भाताचं पहिलं कणीस येतं,
बाजा वाजवत मोठ्या इगर्जीत जातं.
त्यातलं एक मी चुलीवर बांधते.
हे कुणी शिकवलं, ते सांगत नाही.

आता एक गोष्ट, हळू आवाजात.
फेस्त संपलं की साक्रिस्तांव इनास
मागच्या दारानं टोपली आणतो.
सगळे हात, सगळे पाय, अर्ध्या भावात.
मी वितळवते. पुन्हा ओतते.
शिपायाचा गुडघा पुढच्या वर्षी
दोना लियोनोरचं बाळ होतो,
तिचं बाळ कुणा खलाशाचं गलबत.
एक गुलाबीसर गोळा आहे, लाखेचा डाग पडलेला,
चार वर्षं ओळखते मी त्याला.
बोस्त्यांवसाठी ठेवलेलं डोकं त्याचंच होतं.
तेही टोपलीतून परत आलं.
तोललं. पैसे दिले.

नवं मेण आणतो कुष्टा वेळीप,
नदीपलीकडच्या डोंगरातून, पोळी धुरावून.
मोजकं बोलतो. अंगाला मधाचा वास.
औंदा म्हणाला, एक पाय दे.
कुणाचा? पोरीचा. डावा.
कुठे ठेवणार?
त्यानं नदीकडे पाहिलं.
तिकडे, जिकडे आमचेही देव एका रात्री
होडीत बसून निघून गेले.
असल्या पायासाठी इथे माणसं ओढून नेतात.
मी भाताच्या तुसात पाय गुंडाळला,
वर सुकी मासळी ठेवली.

चैत्रात आला. विचारलं, बरी आहे?
चालते, म्हणाला, थोडी लंगडत.
आणि पाय?
वारुळापाशी ठेवला होता सातेरीच्या.
उन्हानं मऊ झाला, मग मुंग्या आल्या,
मग माती. आता नाही दिसत.
तिनं घेतला.

मी तोलत होते त्याचं मेण.
पारडं जरा वेळ हललंच नाही,
की माझाच हात होता त्यावर.
रस्त्यात कोणीतरी विचारत होतं,
मेणाचं घर केवढ्याला?
या वर्षी घरं फार मागतात लोक,
आणि तीच माणसं सामान बांधून
होड्यांची चौकशी करतात.

दोन तांगे, मी आतूनच ओरडले.
कुष्टाला म्हटलं, पुढच्या खेपेला
एक डोकं नेशील का?